कोपरावरचं पिवळं हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुनं, पिवळं हेल्मेट आहे. साच्यातून बाहेर पडलो, आत मऊ गादी बसली, पुढे काच लागली, तेव्हापासून माझं एकच स्वप्न होतं: कुणाचं तरी डोकं सांभाळायचं. जोगेश्वरीच्या शिवदासांनी मला विकत घेतलं आणि माझ्या नशिबी आलं कोपर!

हसू नका. मला कोपरात अडकवून ते मोटारसायकल चालवायचे. चौकात पोलीस दिसला की घाईघाईने डोक्यावर, चौक मागे पडला की पुन्हा कोपरात. रविवारी वर्सोव्याच्या बाजूला गेलो, की माझ्या काचेत ढग उतरायचे, होड्या डुलायच्या. मला गुंगी यायची. छान वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एके दुपारी वळणावरच्या खड्ड्यात गाडी आपटली. शिवदासांच्या कोपराला ओरखडाही आला नाही. डोक्याला मात्र जबर मार बसला आणि डावा कान कायमचा बहिरा झाला. मला फार लाज वाटली. पुढे वर्षभर मी खिळ्याला टांगलेला होतो आणि धूळ खात तीच दुपार पुन्हा पुन्हा बघत होतो.

खड्डा तसाच होता. आता त्याच वाटेने त्यांची मुलगी संघमित्रा मोटारसायकलवरून कामाला जाऊ लागली. शिवदासांच्या जिवाला घोर लागला. बुद्धविहाराच्या अंगणात त्यांनी वस्तीतले दुचाकीवाले जमवले, सह्या घेतल्या, अर्जांमागून अर्ज केले. अखेर पालिकेचे एक साहेब खड्ड्याच्या पाहणीला आले.

"हेल्मेट तुम्हीच घातलं नव्हतं ना? मग खड्ड्याच्या नावाने कशाला ओरडता?"

"चूक माझी, साहेब, शंभर वेळा कबूल," शिवदास म्हणाले. "पण म्हणून खड्डा माझा होत नाही ना! धड रस्ता आमचा हक्क आहे."

"एवढासा तर आहे!"

संघमित्राने मला खिळ्यावरून काढून सोबत आणलं होतं; तिने मला सरळ खड्ड्यात ठेवलं. मी पार बुडालो. वर आभाळाचा एक तुकडा तेवढा दिसत होता.

"बघा साहेब, माझ्या पप्पांचं अख्खं डोकं मावतंय यात."

साहेबांनी खड्ड्याची नोंद करून घेतली. आठवड्याभरात तिथे डांबर पडलं.

आता संघमित्रा मला डोक्यावर घालते. रोज सकाळी शिवदास स्वतः माझा पट्टा लावतात आणि आपला चांगला कान तिच्या हनुवटीशी नेतात. टक असा आवाज आला की मगच म्हणतात, "हां, जा गं आता."

मित्रांनो, चांगल्या रस्त्यासाठी जरूर भांडा. पण भांडायला जाताना मला कोपरात नेऊ नका. घरी कुणीतरी त्या एवढ्याशा आवाजासाठी कान लावून उभं असतं.