चिकाचा हात

दाराशी तेलाच्या डब्यात मी काटेरी युफोर्बिया लावलाय. केजच्या नर्सरीतून एकच फांदी आणलती, आता लालभडक फुलांचं कमरेएवढं झाड झालंय. नर्सरीवाल्यानं बजावलं व्हतं की फांदी तोडली तर चार दिवस पानी दाखवायचं न्हाई, जखम सुकू द्यायची. आन् चिकाचा हात डोळ्याला लावायचा न्हाई, आंधळं व्हशील.

आज भर दुपारी विजयसिंह आला. त्याच्या हरभऱ्यात आमची दोन मेंढरं शिरलती. माझा नवरा मुंजाजी हात जोडून म्हणला, "चुकलं मालक." विजयसिंहानं कुऱ्हाडीचा दांडा सरळ त्याच्या डोक्यात घातला. मुंजाजी पडला तरी हा मारतच व्हता. दांडा मोडला, तसं त्यानं माझं झाड डब्यातून उपटलं आन् त्या काट्यांनीच नवऱ्याची पाठ सोलायला लागला.

झाडाच्या खांडोळ्या झाल्या. पांढरा चीक विजयसिंहाच्या बोटांवरून गळत व्हता. घाम डोळ्यात उतरला, म्हणून त्यानं हात वर नेला. मला वरडून सांगता आलं असतं. मी गप बसले.

डोळे चोळले आन् तो बैलागत हंबरला. "पानी! रतनबाई, पानी आण!"

भरलेली कळशी मी नवऱ्याच्या फुटलेल्या डोक्यावर रिकामी केली. मग विजयसिंहाजवळ जाऊन बसले. ह्या माणसाला मी जन्मात कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"ह्या झाडाला तोडल्यावर चार दिवस पानी दाखवायचं न्हाई," मी म्हणले. "तूच तोडलंस ना? मग थांब चार दिवस."