धाकटीच्या केसांची इस्त्री

मित्रांनो, कपाटाच्या तिसऱ्या खणात तुम्ही मला पाहिलेत, तर एखादा मोठा चिमटाच समजाल. मी केस सरळ करायची इस्त्री आहे आणि आता बरीच जुनी झाले आहे. दुकानदार मला स्ट्रेटनर म्हणत असे, पण या घरात पहिल्या दिवसापासून मला इस्त्रीच म्हणतात. माझी वायर एके ठिकाणी चिकटपट्टीने गुंडाळलेली आहे. एका पात्याच्या कडेचा मुलामा उडाला आहे. तरी मी अजून तापते. आज मी तुम्हाला माझी हकिगत सांगणार आहे. तीत थोडा दोष माझाही आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंनी मला तापवले, माझ्या दोन पात्यांत कागदाची पट्टी धरली आणि मनात दहापर्यंत आकडे मोजले. पट्टी गरम झाली, पण पांढरीच राहिली. "ही चांगली आहे," असे म्हणून त्यांनी मला पुढे सरकवले. जन्मताच कौतुक झाल्यामुळे मी जरा शेफारले. माझ्या खोक्यावर एका बाईचे चित्र होते. तिचे केस पाण्याच्या धारेसारखे खाली उतरलेले. ते मुळातच तसे होते, हे मला फार उशिरा समजले.

ताईने मला पहिल्या पगारातून विकत घेतले. ताई म्हणजे या घरातली मोठी मुलगी. तिचे केस आईसारखे सरळ आणि मऊ होते. तिच्या पाठची बहीण तेव्हा एकोणीस वर्षांची होती. घरात तिला धाकटीच म्हणत. धाकटीचे केस कुणासारखे होते, कोण जाणे. एकेक केस पेनातल्या स्प्रिंगसारखा वळलेला. ओढला की हातभर, सोडला की बोटभर. लहानपणी आई तिला पुढ्यात घेऊन कोरड्या केसांवरच बारीक दातांची फणी चालवायची. फणीचे दात पडायचे, धाकटीच्या डोळ्यांतून पाणी यायचे आणि आई म्हणायची, "काय हा गुंता. कुठून आणलेस हे केस?" शाळेतल्या मुली तिला घासणी म्हणत. हे सगळे माझ्या येण्याआधीचे. मी ते पुढे बोलण्याबोलण्यातून ऐकले.

मी आले त्याच्या आदल्या आठवड्यात धाकटी एका कचेरीत नोकरीसाठी भेटायला गेली होती. तिथल्या साहेबांनी तिला बसायलाही सांगितले नाही. "उद्या केस विंचरून या," एवढेच म्हणाले. घरी येऊन ती ताईला म्हणाली, "अगं, मी विंचरूनच गेले होते."  पगार झाला त्या संध्याकाळी ताई मला घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी धाकटीला चष्म्याच्या एका दुकानात भेटायला जायचे होते. ताईने तिला पलंगाच्या कडेवर बसवले आणि एकेक बट माझ्या पात्यांत धरून खाली ओढायला सुरुवात केली. तासभर आम्ही तिघी राबत होतो. खोलीत वाफ आणि वास भरला. शेवटी आईने दारातून पाहिले आणि म्हणाली, "आता कशी माणसात आलीस."

धाकटीला ती नोकरी मिळाली. मित्रांनो, मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. सगळे माझेच श्रेय, असे मला वाटत होते. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहून त्याला कोणती फ्रेम शोभेल हे धाकटी अचूक सांगायची, पण त्याचा विचार मी कशाला करू?

त्यानंतर अकरा वर्षे रोज सकाळी सहाला माझा लाल दिवा लागत होता. पन्नास मिनिटे आमचे काम चाले. धाकटी डोळे मिटून घ्यायची, खांदे कानांपर्यंत उचलायची आणि मला मुळापाशी नेऊन झरकन खाली आणायची. ती पोहायला जात नसे. धुके असले तरी छत्री घेई. जिना चढताना घाम येऊ नये म्हणून मजल्यामजल्यावर थांबे. मैत्रिणींनी सहलीला बोलावले, तर आधी विचारी, "तिथे राहायच्या खोलीत प्लग आहे का?" ती नको म्हणाली की मैत्रिणींना वाटे, ही भाव खाते.

तिच्या कानामागे माझे तीन डाग आहेत. मानेवर एक आहे. जळका वास यायचा, तो माझाच. सिंकमध्ये तुटक्या केसांचे बारीक तुकडे पडायचे, ते ती आई उठण्यापूर्वी पाण्याने वाहवून टाकायची. कानशिलांपाशी तिचे केस विरळ झाले. मला दिसत होते. मी काय करू शकणार होते, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालत असे.

अशी अकरा वर्षे गेली. ताईचे लग्न झाले होते, तिला एक मुलगी होती. केस खारीच्या शेपटीसारखे फुलारलेले असायचे, म्हणून सगळे तिला खारू म्हणत. खारू आठ वर्षांची होती आणि तिचे केस थेट मावशीचे होते. एकदा ताईला कामाच्या प्रशिक्षणासाठी आठवडाभर बाहेरगावी जावे लागले, तेव्हा खारू आमच्याकडे राहायला आली.

पहिल्याच सकाळी धाकटीचे अर्धे डोके सरळ करून झाले होते. खारू दाराशी येऊन उभी राहिली.

"मावशी, तुझं झालं की माझे पण कर."

"तुझे कशाला?"

"चपटे कर. म्हणजे मला पुढे बसता येईल."

"आता कुठे बसतेस?"

"शेवटच्या बाकावर. मागच्या मुलींना माझ्या केसांमुळे फळा दिसत नव्हता. मग बाईंनी मला मागे बसवलं."

"तिथून तुला दिसतो का फळा?"

"थोडा थोडा. पुढच्या मुलांची डोकी येतात ना. मग मी शेजारणीच्या वहीतून उतरवते. ती चुकली की मी पण चुकते."

 धाकटीने खारूला पुढ्यात घेतले, मानेवरची एक बट बोटांत धरली आणि मला उचलले. मी पुरती तापलेली होते. खारूने डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही खांदे कानांपर्यंत वर नेले.

"अशी का बसलीस?" धाकटीने विचारले.

"तू अशीच बसतेस ना रोज," खारू म्हणाली. "दुखलं तरी चालेल, मावशी. मी रडणार नाही."

धाकटीने समोरच्या आरशात पाहिले.  मग तिने बट सोडली आणि भिंतीतून माझी पिन उपटली. मला थंड फरशीवर ठेवून ती खारूशेजारी बसली.

"नाही करणार का?" खारूचा आवाज रडवेला झाला.

"नाही गं."

"मग दुसरं काहीतरी कर."

"मला येत नाही. खरंच सांगते, मला माझेच केस सांभाळता येत नाहीत. आपण शिकू."

त्या दिवशी ती अर्धे सरळ, अर्धे कुरळे केस कसेबसे गुंडाळून, वर पिना खोचून कामाला गेली. दुकानात काय झाले ते मी पाहिले नाही. संध्याकाळी ती खारूला सांगत होती, तेव्हा ऐकले. दुकानात रोज टपाल घेऊन येणाऱ्या एक बाई होत्या. पन्नाशीच्या, आणि डोक्यावर असे दाट, घट्ट वेटोळ्यांचे केस की टोपी त्यांवर नुसती ठेवल्यासारखी दिसे. इतकी वर्षे धाकटी त्यांच्याकडून पाकिटे घेताना मान खाली घालत होती. त्या दिवशी तिने विचारले, "तुमच्या केसांना तुम्ही काय करता हो?"

टपालवाल्या बाई तिच्या पिनांकडे पाहून म्हणाल्या, "काय करते त्यापेक्षा काय करत नाही ते आधी ऐका. कोरड्यावर कधी फणी घालत नाही. टॉवेलने खसाखसा पुसत नाही. आणि घाई असेल त्या दिवशी हातच लावत नाही." मग त्यांनी एका रिकाम्या पाकिटावर बाकीचे लिहून दिले. जाताना म्हणाल्या, "टोकं जळलेली दिसतात. ती परत वळणार नाहीत. कापावी लागतील. मीही कापली होती."

संध्याकाळी न्हाणीघराचे दार उघडे होते, म्हणून फळीवरून मला सगळे दिसले. खारू स्टुलावर बसली होती. धाकटीने तिचे केस धुतले, निथळते असतानाच भरपूर कंडिशनर लावले आणि नुसत्या बोटांनी टोकांकडून मुळांकडे हळूहळू गुंता सोडवत गेली. मग रुंद दातांची फणी. मग डोके जुन्या सुती शर्टात गुंडाळले. केसांचे भाग पाडून प्रत्येक भागाचे दोन पदर एकमेकांभोवती फिरवून पीळ घातले. पहिला पीळ सुटला. दुसरा वाकडा झाला. आठव्या पिळापर्यंत हात बसला.

"दुखतंय का?" धाकटी मधून मधून विचारत होती.

"नाही गं. झोप येतेय," खारू म्हणाली.

सकाळी पीळ सोडले. केस खांद्यांवर उतरले, काळेभोर, एकेक वळण सुटे आणि तुकतुकीत. खारूने मान डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली, आणि शाळेची वेळ होईपर्यंत तेच करत राहिली.

मग धाकटीने स्वतःची जळलेली टोके कापली. वीतभर केस गेले. ती कात्री खाली ठेवत होती, तेवढ्यात आई आली.

"हे काय करून बसलीस?" आई म्हणाली. "चांगले होते की."

 धाकटीने केस भिजवले आणि ते आपले आपण वळू लागले. आई पाहत राहिली. मग हळूच पुढे आली आणि तिने एक वेटोळे बोटावर घेतले.

"हे तर तुझ्या बाबांचे केस," ती म्हणाली. "लग्नाच्या दिवशी असेच होते. पुढे त्यांनी कधी वाढवलेच नाहीत. लोक हसतात म्हणायचे. तुम्हा मुलींना कुठले माहीत असायला, आणि मीही विसरले." थोडे थांबून तिने विचारले, "मी तुझे फार ओढायचे ना?"

"हो."

"मला दुसरं येत नव्हतं गं."

"मलाही कुठे येत होतं?" धाकटी म्हणाली आणि तिने फणी आईच्या हातात दिली. "खालून सुरू कर. सावकाश."

आई अर्धा तास तिच्या मागे बसली होती. 

त्याच आठवड्यात धाकटीने खारूला दुकानात नेऊन तिचे डोळे तपासून घेतले. नजर उत्तम निघाली. "दोष डोळ्यांचा नाही, बाकाचा आहे," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी आपले मोकळे केस घेऊन शाळेत गेली. तिने वर्गाच्या बाईंना शांतपणे सांगितले, "हिचे केस असेच राहणार आहेत. भिंतीकडच्या रांगेत पुढे बसवलंत, तर तिच्या मागे बाक नाही, दप्तरांच्या खुंट्याच आहेत. कुणाची अडचण होणार नाही." बाईंनी वर्गाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "एवढं साधं माझ्या लक्षात यायला हवं होतं. तिला मागे बसवलं ते माझं चुकलं." खारू त्या दिवसापासून पहिल्या बाकावर बसते आणि आता तिच्या वहीत चुका असल्या, तर त्या तिच्या स्वतःच्या असतात.

ताई परत आली तेव्हा जरा हिरमुसली. "मी हौसेने आणली होती ती इस्त्री," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली. "त्या दिवशी माझ्या बाजूने तू एकटीच उभी होतीस. ते मी कशाला विसरेन? पण आता ती नको."

मला पुसून खणात ठेवण्यात आले. खोटे कशाला बोलू, पहिले काही महिने जड गेले. सहा वाजले की मला उगीच तापल्यासारखे वाटायचे. बाहेर मात्र धाकटी जिना न थांबता चढताना ऐकू यायची.

परवा खारूची एक मैत्रीण घरी आली. तिचे केस अगदी सरळ, माझ्या खोक्यावरच्या बाईसारखे. ती धाकटीला म्हणाली, "मावशी, इस्त्रीने वळणं पण येतात म्हणे. मला खारूसारखे कुरळे करून द्या ना. माझे नुसते लोंबतात."

खारू खदखदून हसली. धाकटीने मला खणातून काढले. ती त्या मुलीला म्हणाली, "तुझे केस वाऱ्यावर किती छान उडतात, ते तू पाठीमागून पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. पण तुझी रिबीन चुरगळली आहे. ती दे इकडे."

तिने मला अगदी थोडेसे तापवले आणि निळ्या रिबिनीवरून सावकाश फिरवले. चुण्या गेल्या. कुणी डोळे मिटले नाहीत, कुणी श्वास रोखला नाही. मुली शेजारी बसून गप्पा मारत होत्या.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला हातात घेण्यापूर्वी एकदा आपल्या केसांना पाणी द्या, वेळ द्या आणि ते कोणत्या बाजूला वळतात ते पाहा. मला जे येते, ते मी कुणावरही करीन. मला थांबता येत नाही. माझी पिन तुमच्या हातात आहे.