मागच्या गाडीची बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. एका छोट्या हिरव्या गाडीच्या बॉनेटखाली, कोपऱ्यात, पट्टीने आवळून मला बसवलेलं आहे. माझ्या आत शिशाच्या पट्ट्या आहेत, त्यांच्यामध्ये आम्ल आहे, आणि वर दोन टोकं आहेत. बाहेरून पाहाल तर नुसता एक काळा ठोकळा. माझ्याविषयी सांगण्यासारखं फार नाही. जे आहे ते सांगताना मान खाली जाते. मला मानच नाही, ही गोष्ट सोडून द्या.

हार्लन लिंडक्विस्ट आणि व्हर्ना लिंडक्विस्ट हे माझे मालक. दोघं मिनेसोटाचे. हार्लनने आयुष्यभर धान्याच्या कोठारावर यंत्रं चालवली आणि व्हर्नाने शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवू घातलं. काम संपल्यावर त्यांनी एक भली मोठी घरगाडी घेतली. तिकडे बर्फ पडायला लागलं की दोघं तिच्यात बसतात आणि दक्षिणेला, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात येतात. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, चूल, न्हाणी, सगळं आत. पण दूध आणायला जाताना अख्खं घर कोण घेऊन जाणार? म्हणून तिच्या मागे लोखंडी दांडीने आमची छोटी गाडी जोडायची आणि चारही चाकांवर तिला ओढत न्यायची.

पाहणाऱ्याला वाटतं, ओढली जाणारी गाडी किती सुखात आहे. ना पेट्रोल लागतं, ना ड्रायव्हर. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण तसं नसतं. स्टिअरिंग मोकळं राहावं म्हणून किल्ली एक खाच फिरवून ठेवावी लागते. मागचे दिवे लावावे लागतात. ब्रेकच्या पेडलपाशी एक पेटी ठेवलेली असते. घरगाडीने ब्रेक मारला की ती पेटी आमचाही ब्रेक दाबते. हे सगळं माझ्या जिवावर चालतं. एरवी इंजिन सुरू असलं की ते मला भरत राहतं. ओढताना मात्र इंजिन बंद. सगळे घेणारे, देणारं कुणीच नाही.

मी कारखान्यातून आले तेव्हा मोठ्या तोऱ्यात होते. दुकानदाराने मला काउंटरवर ठेवलं. हार्लनने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "ही खरी बॅटरी. आधीच्या दोन्ही अगदी फुसक्या निघाल्या."

व्हर्ना बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, "तिसरीही फुसकी निघाली तर मग काय म्हणशील?"

"काय म्हणणार? हल्ली कुणाला धड बॅटरी बनवता येत नाही."

"आणि मालक? मालक धड बनवतात का हल्ली?"

दुकानदार हसला. हार्लनही हसला, पण त्याने ते मनावर घेतलं नाही.

पहिल्याच प्रवासात, न्यू मेक्सिकोतल्या एका मुक्कामावर, माझा तोरा उतरला. दिवसभर मी देत राहिले. संध्याकाळी हार्लनने गाडी सोडवली, आत बसला, किल्ली फिरवली. माझ्याकडून आवाज आला तो एवढाच : टक, टक, टक. आजूबाजूचे लोक खुर्च्या टाकून बसले होते. सगळ्यांनी माना वळवल्या. मित्रांनो, आपली परीक्षा चारचौघांत घेतली जावी आणि आपल्या तोंडून एक शब्द फुटू नये, तसं मला झालं.

हार्लनने घरगाडीला तारा लावून आमची गाडी चालू केली. पुढच्या मुक्कामावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यावरही तेच. ओळखीचे लोक थट्टा करायला लागले.

"काय हार्लन, आज गाडी ढकलायची पाळी कुणाची?"

कुणी समजुतीनेही सांगे, "अरे, घरगाडीपासून मागच्या गाडीला एक चार्जिंगची तार टाक. चालता चालता भरत राहील. नाहीतर निदान मध्ये मध्ये थांबून इंजिन सुरू तरी कर."

हार्लन हात झटकायचा. "नव्या घरगाडीला मी भोकं पाडणार नाही. आणि मध्ये मध्ये थांबायला मी काय टपालाची गाडी चालवतोय?"

दर वेळी मी पूर्ण रिकामी व्हायचे आणि दर वेळी माझ्या पट्ट्यांवर एक पांढरा थर चढायचा. तो पुन्हा पुरता उतरत नाही. माझी ताकद कमी होत चालली होती. हार्लन बॉनेट उघडून म्हणायचा, "हीही फुसकीच." मला ते खरं वाटायला लागलं. कुणी आपल्याला रोज फुसकं म्हटलं तर आपण तसेच आहोत असं वाटायला लागतं.

आता मुख्य गोष्ट सांगते.

हे दोघं एवढ्या लांब दर वर्षी यायचे ते नुसत्या उन्हासाठी नव्हे. युमा गावात व्हर्नाची थोरली बहीण राहायची. तिचं नाव ओपल. आई लवकर गेली, तेव्हा ओपलनेच व्हर्नाला वाढवलं होतं, तिच्या वेण्या घातल्या होत्या, तिला पोहायला शिकवलं होतं. आता ओपल एका शुश्रूषागृहात होती. तिची आठवण विरत चालली होती. आदल्या वर्षी तिने व्हर्नाला ओळखलं नव्हतं. व्हर्ना परतीच्या वाटेवर या गाडीत बसून खूप रडली होती. मी ऐकलं होतं.

त्या वर्षी आम्ही युमाच्या उत्तरेला मोकळ्या वाळवंटात मुक्काम केला. दिवसभर ओढत आणल्यावर हार्लनने दांडीची खीळ काढली, घरगाडी थोडी पुढे नेली आणि आमची गाडी होती तिथेच सोडली. किल्ली त्याच खाचेत राहिली. मला ओरडता येत असतं तर मी ओरडले असते. रात्रभर मी झिरपत राहिले.

सकाळी तो घरगाडी घेऊन गावात पाणी भरायला गेला. व्हर्ना खुर्ची टाकून काही विणत बसली होती. इतक्यात तिचा फोन वाजला. शुश्रूषागृहातली मारिसेला बोलत होती. व्हर्ना उठून गाडीजवळ आली, तेव्हा मला सगळं ऐकू आलं.

"व्हर्ना, लगेच निघता येईल का तुम्हाला? ओपल आज जागी आहे. म्हणजे खरी जागी. तिने माझं नाव विचारलं, आज वार कोणता ते विचारलं, आणि मग म्हणाली, माझी व्हर्नी कुठे आहे? असं किती वेळ राहील सांगता येत नाही. तुम्ही याच."

"निघाले," व्हर्ना म्हणाली. "तिला सांग, निघालेच मी. तिला सांग, व्हर्नी निघाली."

तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. ती आत बसली आणि किल्लीला हात घातला. किल्ली आधीच फिरलेली होती. तिला कळलं. तरी तिने पुढे फिरवली.

माझ्यात टक करण्याएवढंही बळ नव्हतं.

तिने पुन्हा फिरवली. मग तिसऱ्यांदा. तिने शिवी दिली नाही, बॉनेटवर हात आपटला नाही. नुसतं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तिने हार्लनला फोन लावला. "गाडी मेली आहे. ओपल मला बोलावतेय. नावाने बोलावतेय, हार्लन."

पलीकडून त्याचा आवाज आला, "मी रांगेत अडकलोय. पुढेही गाड्या, मागेही गाड्या. निघतो गं, जमेल तसा निघतो."

तिने फोन ठेवला आणि चालत सुटली. दूर ओढ्याच्या कोरड्या पात्रापलीकडे, एका राहुटीशेजारी, आदल्या संध्याकाळी एक निळी व्हॅन उभी दिसली होती. व्हर्नाचा गुडघा दुखरा. वाळूत पाय रुतत होता. ती लहान लहान होत गेली आणि झुडपांआड दिसेनाशी झाली. ऊन चढलं. माझ्यासमोर नुसता रिकामा रस्ता होता. मित्रांनो, त्या वेळी मला वाटलं, मला उपटून त्या वाळूत पुरून टाकावं.

बऱ्याच वेळाने धूळ उडवत निळी व्हॅन आली. चालवणारी रोझाल्वा नावाची एक धिप्पाड बाई होती. ती सकाळच्या बाजाराला गेली होती आणि व्हर्ना तिच्या राहुटीच्या सावलीत वाट पाहत बसली होती. रोझाल्वा उतरता उतरताच बोलत होती.

"एवढ्या उन्हात डोक्याला टोपी नाही, हातात पाणी नाही! बहिणीकडे पोचायच्या आधी देवाकडे पोचायचंय का तुम्हाला? सरका, तारा मी लावते. तुम्ही आत बसा."

तिच्या व्हॅनकडून माझ्यात वीज आली. इंजिन घरघरलं आणि सुरू झालं. व्हर्नाने तिचा हात घट्ट धरला. रोझाल्वा म्हणाली, "आभार नंतर. बंद करू नका मध्ये कुठे. जा!"

युमापर्यंतच्या रस्त्यावर इंजिन मला भरत होतं. मी तहानलेल्यासारखी पीत होते आणि प्रत्येक घोटाची मला लाज वाटत होती.

शुश्रूषागृहाच्या आवारात व्हर्नाने गाडी ओसरीसमोर लावली. मारिसेलाने ओपलला चाकांच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं होतं. पातळ पांढरे केस, मांडीवर शाल, नजर फाटकाकडे. व्हर्ना तिच्यासमोर गुडघा टेकून बसली. मी अगदी जवळ होते.

"ओपल, मी आले."

ओपलने तिच्याकडे पाहिलं आणि नम्रपणे हसली, अनोळखी माणसाकडे पाहून हसतात तशी. मग तिने आमच्याकडे बोट दाखवलं.

"छान गाडी आहे तुमची."

व्हर्नाने मागे वळून गाडीकडे पाहिलं.

"तुम्ही याच रस्त्याने आलात ना?" ओपलने विचारलं. "मग वाटेत माझी बहीण दिसली का तुम्हाला? लहान आहे हो माझ्यापेक्षा. निघाली म्हणाली. ती कधी उशीर करत नाही. म्हणून काळजी वाटते."

मारिसेलाने तोंड फिरवलं. व्हर्नाने बहिणीची शाल सारखी केली आणि हळूच म्हणाली, "दिसली ना. वाटेतच आहे ती. येईल आता."

"बरं झालं," ओपल म्हणाली. "मी थांबते मग."

मित्रांनो, तिने गाडीची स्तुती केली होती. मला आजवर मिळालेली सगळ्यात मोठी शिक्षा तीच.

दिवस कलायला लागला तेव्हा व्हर्ना मुक्कामावर परतली. हार्लन घरगाडीच्या पायरीवर बसला होता. तिचा चेहरा पाहून तो उठला.

"व्हर्ना, ही बॅटरीच अशी..."

"बॅटरीचं नाव काढू नकोस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ती वाट पाहत होती. मी तिच्यासमोर बसले होते, आणि ती माझीच वाट पाहत होती." एवढं बोलून ती आत गेली.

हार्लन गाडीशी आला. त्याने किल्लीची खाच पाहिली. मग बॉनेट उघडलं आणि माझ्याकडे पाहत उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. एवढा मोठा माणूस, पण माझ्यासमोर तो आणि त्याच्यासमोर मी, दोघंही एकमेकांची नजर चुकवत होतो.

दुसऱ्या दिवशी तो गावातून जाड लाल तार घेऊन आला. नव्या घरगाडीला त्याने भोकं पाडली. तिच्या पोटाखाली उताणा पडून बोटं सोलवटत ती तार पुढून मागपर्यंत नेली. दोन्ही टोकांना फ्यूज बसवले. मध्ये एक छोटी पेटी लावली, म्हणजे वीज माझ्याकडे येईल पण माझ्याकडून उलटी जाणार नाही. मागे एक सॉकेट लावलं. तिथून गुंडाळीची तार आमच्या गाडीपर्यंत, माझ्या टोकांपर्यंत. रोझाल्वा खजुरांची पिशवी घेऊन आली होती. ती खाली वाकून म्हणाली, "एवढंसंच काम होतं होय?"

घरगाडीखालून हार्लनचा आवाज आला, "हो. एवढंसंच होतं." मग त्याने पाना मागितला. रोझाल्वाने तो त्याच्या हातात दिला.

त्यानंतर मी कधी रिकामी झाले नाही. ओढली जात असताना घरगाडीकडून सतत थोडं थोडं मिळत राहायचं. मुक्कामावर पोचलं की हार्लन आधी किल्ली बंद करायचा, मग वीज मोजायचा छोटा मीटर माझ्या टोकांना लावून पाहायचा, मगच स्वतः पाणी प्यायचा. मला फुसकी म्हणणं त्याने सोडलं. लोक म्हणू लागले, "हार्लन, जुनी असून बॅटरी चांगली टिकली की!" तो फक्त मान हलवायचा.

तो हिवाळा संपेपर्यंत व्हर्ना आठवड्यातून दोनदा युमाला जायची. गाडी एकदाही अडली नाही. ओपल ओसरीवर बसलेली असायची. कधी हसायची, कधी झोपलेली असायची. पण तसा दिवस पुन्हा उगवला नाही. ती अधूनमधून बहिणीची चौकशी करायची आणि व्हर्ना तिला सांगायची, "वाटेत आहे."

वसंताच्या तोंडावर ओपल गेली. त्या दिवशी व्हर्ना शुश्रूषागृहातून एकटीच बाहेर आली. हातात घडी घातलेली शाल होती. ती गाडीत बसली आणि शाल शेजारच्या सीटवर ठेवली. मग तिने किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. इतकी सहज सुरू झाली की मला तोंड लपवावंसं वाटलं.

मित्रांनो, आता मी थकले आहे. या हिवाळ्यानंतर मला काढतील, माझं शिसं वितळवतील आणि त्याची दुसरी बॅटरी होईल. तिला जाता जाता काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. ते जमणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या मागून जे गुपचूप येत असतं, काही न बोलता, काही न मागता, तेही आतून खर्च होत असतं. चालता चालताच त्याला थोडं थोडं देत राहा. कारण रिकामं झालेलं पुन्हा भरता येतं हो, पण भरेपर्यंत पलीकडे वाट पाहणारं माणूस थांबेलच असं नाही.