मेघामातेची ओढणी

जयपूरजवळच्या चौमूंच्या धान्यबाजारामागच्या मैदानात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बैलगाड्या, उंट, सायकली, आणि सगळ्यांच्या मधोमध मांडवात मेघामातेची मूर्ती. लोकांचे डोळे मात्र मूर्तीपेक्षा तिच्या निळ्या ओढणीवर. पाऊस यायचा असला की ती ओढणी आपोआप गुलाबी होते, नाहीतर निळीच राहते, अशी तिची ख्याती जयपूरपर्यंत पोचली होती.

"माता कुणाशी बोलते?" मूर्तीशेजारी बसलेले नीलांबर महाराज गरजले. "फक्त या दासाशी! सरकारी बाबू आकाशात फुगे सोडतात. अरे, फुग्याला कधी देवाचं मन कळलंय?"

लोक खदखदून हसले.

फुगे सोडणारा बाबू गर्दीतच उभा होता. श्यामकांत बर्वे सांगानेरच्या विमानतळावर हवामानाचे अंदाज काढत असे. फुगा सोडून वरचा वारा मोजायचा, गावोगावहून आलेल्या तारा वाचून नकाशावर रेषा ओढायच्या आणि शेतकऱ्यांसाठी, वीजवाल्यांसाठी अंदाज लिहून द्यायचा, हे त्याचं काम. रेडिओवर तो अंदाज सुरू झाला की लोक उठून पाणी प्यायला जात. आणि इथे हा माणूस, ज्याला वाऱ्याची दिशासुद्धा धड सांगता आली नसती, त्याच्या तोंडून शब्द पडायची लोक वाट बघत होते. श्यामकांतच्या आदर्श नगरातल्या घरमालकीणबाई मुलीच्या लग्नाचा दिवस कोरडा जाईल का हे विचारायला चौमूंपर्यंत आल्या होत्या. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या हवामानवाल्याला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते श्यामकांतला फार लागलं होतं.

"अहो, किती हेवा कराल त्याचा?" प्रतिमा हळूच म्हणाली. त्याची बायको मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची.

"हेवा? मी? त्या भोंदूचा?"

"मग दात कशाला खाताय?"

पण आजचा प्रश्न नुसत्या हेव्याचा नव्हता. मार्च महिना होता. शेताशेतांत कापलेला हरभरा उघड्यावर पडला होता. पश्चिमेकडे हवेचा दाब भराभर उतरत होता, बिकानेर-जैसलमेरकडे ढग भरून आल्याच्या तारा होत्या. उद्या संध्याकाळपर्यंत पाऊस, कदाचित गाराही, असा अंदाज त्याने कालच दिला होता.

शेजारी उभ्या असलेल्या देवराम चौधरी या शेतकऱ्याला त्याने तेच सांगितलं, "पीक झाकून ठेवा."

देवरामने मूर्तीकडे बोट दाखवलं. "बाबूजी, माता तर निळी आहे."

"आठ दिवस थेंब नाही!" तेवढ्यात महाराज ओरडलेच. "हरभरा खुशाल पसरा!"

पडू देत गारा, श्यामकांतच्या मनात आलं. होऊ दे यांची माती, म्हणजे कळेल कोण खरं ते! प्रतिमाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती दर्शनाच्या रांगेत शिरली.

परत आली ती हसत. "अहो, ती ओढणी माझ्या ओळखीची निघाली! एका बाईने ओल्या हाताने तिला स्पर्श केला, तर तिथे गुलाबी ठिपका पडला. कोबाल्ट क्लोराइडच्या पाण्यात बुडवून वाळवलीय. कोरड्या हवेत निळी, दमट हवेत गुलाबी. माझ्या मुली प्रयोगशाळेत तसले कागद करतात."

श्यामकांतला आनंद व्हायला हवा होता. उलट त्याला पुन्हा टोचलं. वर्षभर आपण नुसते जळत राहिलो आणि हिने एका नजरेत ओळखलं!

"उभे काय राहिलात? चला," ती म्हणाली. समोरच्या टपरीवरून तिने उकळती किटली उचलली आणि थेट मांडवात शिरली.

"बाई, हे काय?" महाराज दचकले.

"मातेला जरा वाफ देते."

तिने तोटी ओढणीच्या काठाखाली धरली. निळा काठ बघता बघता गुलाबी झाला.

"पाऊस! पाऊस!" गर्दी ओरडली.

"माता कोपली!" महाराजांचा आवाज चिरकला.

"थांबा, रुसवा काढते." प्रतिमाने तोच काठ मूर्तीपुढच्या धुनीच्या निखाऱ्यांवर अलगद धरला. तो पुन्हा निळा झाला. कुणीतरी फिसकन हसलं, मग मैदानभर हशा पसरला.

श्यामकांत पुढे आला. "ओढणीला आत्ताची हवा कळते, उद्याची नाही. पावसाळ्यात हवा दमट असते म्हणून ती गुलाबी होते, आणि त्या दिवसांत पाऊस येतोच. उद्याचा पाऊस लांबून, पश्चिमेकडून येतोय. तो येईपर्यंत इथली हवा कोरडीच राहील. झाका पीक!"

महाराज मांडवामागून कधी सटकले ते कुणाला कळलंच नाही. काहींनी पीक झाकलं, काहींनी नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गारा कोसळल्या. ज्यांनी झाकलं नव्हतं त्यांचा हरभरा मातीत गेला, आणि ते ऐकताना श्यामकांतला आपल्या मनात आलेला तो विचार आठवून मान वर करवेना.

दोन-चार दिवसांनी देवराम गावकऱ्यांना घेऊन कचेरीत आला आणि सरळ श्यामकांतच्या पायांवर वाकला. "बाबूजी, आता आमचे महाराज तुम्हीच."

क्षणभर श्यामकांतला ते फार गोड लागलं. याच गोष्टीसाठी तर तो वर्षभर जळत होता! मग त्याने झटकन पाय मागे घेतले.

"अरे, मागच्या जुलैत मी पाऊस सांगितला आणि थेंब पडला नाही."

देवराम गोंधळला. "मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

"त्यांना 'कशावरून' असं विचारलं असतं, तर माता कोपली असती. मला विचारा. मी कारण दाखवीन, आणि चुकलो तर का चुकलो तेही सांगीन. त्या प्रश्नाला जो घाबरतो, त्याच्या शब्दावर पीक सोडू नका. माझ्यासुद्धा."

देवराम खुर्ची ओढून टेबलाशी बसला.

"बरं, रेडिओवर तुम्ही उद्या ऊन पडेल म्हणता. कशावरून?"

श्यामकांतने नकाशा त्याच्यापुढे पसरला.