मांडवाच्या लाकडांची शिडी

विहिरीवरची मोटार दुरुस्त करायला रईस पोंभुर्ण्याहून आला, तेव्हा सोमारी शेताच्या बांधावर उभी राहून जोरजोरात हात हलवत होती.

"तिकडं जाऊ नोको भाऊ! विहिरीत अस्वल हाये. पिल्लंबी हायेत."

रईसने फटफटी तिथेच थांबवली. विहीर जंगलाला लागून, आणि तिला कठडा नव्हता. पहाटे मोहफुलं खायला आलेली अस्वलीण पाण्याच्या वासाने जवळ आली असावी आणि सरळ आत घसरली असावी. उन्हाळ्याने पाणी खाली गेलं होतं. खडकाच्या एका अरुंद पायरीवर ती अंग चोरून उभी होती. दोन पिल्लं तिच्या पाठीवरचे केस घट्ट धरून बसली होती.

बघता बघता गाव जमलं. वनरक्षक स्वाती धापा टाकत आली. फोनवर बोलून ती म्हणाली, "बचाव पथकाची गाडी चंद्रपूरहून निघाली आहे, पण पोहोचायला वेळ लागेल. तोवर ही तग धरणार नाही."

"मरू द्या तिले," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "मुखरूचा खांदा फोडला तो अस्वलानंच."

सगळे मुखरूकडे बघू लागले. तो सोमारीचा नवरा, विहीर त्याचीच. मागच्या उन्हाळ्यात मोह वेचताना अस्वलाने त्याच्यावर झडप घातली होती. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. तो वाकून बराच वेळ आत बघत राहिला. अस्वलिणीचे पाय थरथरत होते.

"माह्या विहिरीत मेली त पानी कोन पिईल?" तो म्हणाला. मग मागे वळून, "घरचा मांडव सोडा. लाकडं लांब हायेत त्याची."

"अन् उन्हात कुठी बसू आपण?" सोमारी म्हणाली खरी, पण सगळ्यांच्या आधी घराकडे तीच धावली.

मांडवाचे दोन लांब खांब आले. आडवे दांडे रईसने तारेने आवळून बांधले. "मोटारीचं काम करायले आलो होतो, अन् करून राह्यलो हे," तो हसत म्हणाला. शिडी दोरांनी हळूहळू आत सोडली. स्वातीने जंगलाकडची बाजू मोकळी ठेवून सगळ्यांना लांब झाडांमागे नेलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

बराच वेळ काहीच हललं नाही. मग शिडीचे खांब करकरले. आधी काळा पंजा वर आला, मग लांब तोंड. अस्वलीण काठावर आली तेव्हा तिच्या पाठीवर एकच पिल्लू होतं.

खालून बारीक रडणं ऐकू येत होतं.

मुखरू एक पाऊल पुढे सरकला. स्वातीने त्याचा सदरा धरला. "मुखरूभाऊ, नको. ती आई आहे."

अस्वलिणीने पाठीवरचं पिल्लू झुडपाजवळ झटकून उतरवलं, आणि ती मागे वळून पुन्हा शिडीवरून खाली गेली. पुन्हा खांब करकरले. या वेळी दुसरं पिल्लू तिच्या मानेला बिलगलेलं होतं. वर येताच पहिलंही धडपडत पाठीवर चढलं, आणि ती मागे न बघता बांबूच्या बेटात शिरली.

"गेली!" सोमारी ओरडली. मुखरूने डोळे पुसले.

"काऊन रडून राह्यले?" तिने विचारलं.

"घाम हाये," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

स्वातीने गावाच्या वनसमितीपुढे विषय काढला, तेव्हा उघड्या विहिरींना कठडे बांधायचं एका बैठकीतच ठरलं. ज्याने 'मरू द्या' म्हटलं होतं, त्याने आपली बैलगाडी दगड आणायला दिली. सोमारी आणि शेजारणी आता उजाडल्यावर, मिळूनच मोह वेचायला जातात, आणि झाडाखालची थोडी फुलं तशीच सोडून येतात.

मुखरूला जड दगड उचलता येत नव्हते. तो उजव्या हाताने कठड्याचे सांधे भरत बसायचा. भोवती गप्पा रंगायच्या, त्यांतली अस्वलीण दर वेळी थोडी मोठी व्हायची. सोमारी आंबील घेऊन आली की काम थांबायचं, आणि नव्या कठड्याला टेकून सगळे गार घोट घ्यायचे.