फोलपटांनी भरलेली वाटी

मी एक जुनी, पोचे पडलेली स्टीलची वाटी आहे. मित्रांनो, कारखान्यातून निघाले तेव्हा तोंड दिसेल इतकी लख्ख होते. एका शिंप्याच्या घरी कधी दही, कधी मीठ, कधी बटणं, जे आलं ते पोटात घेतलं. त्याची थोरली बहीण म्हणजे ताई; त्या माझं कौतुकही करत. मग काचेचे बाऊल आले नि मी फळीच्या कोपऱ्यात गेले.

एके दिवशी एका गिऱ्हाइकाने गाव सोडताना आपला पोपट शिंप्याला दिला. मला पिंजऱ्यात अडकवून सूर्यफुलाच्या बियांनी काठोकाठ भरलं. पोपट तेवढंच खायचा. शिंपी जवळ आला की त्याच्या गळ्यातली टेप लोंबायची आणि पोपट भिऊन गजांना चिकटायचा. तो बी सोलायचा, दाणा गिळायचा, फोलपट माझ्यातच टाकायचा. तिसऱ्या दिवशी शेवटचा दाणा संपला, तरी मी भरलेलीच दिसत होते.

पोपट कलकलाट करू लागला, तेव्हा शिंपी लांबूनच म्हणाला, "भरलीय की वाटी. नखरे आहेत याचे."

मी आतून ओरडत होते, पण वाटीचं कोण ऐकणार? दुसऱ्या सकाळी पोपट पिसं फुगवून बसला, हलेचना. ताईंनी मला काढून फुंकर मारली. फोलपटं उडाली, तळ दिसला.

"जन्मभर लोकांच्या कोटाचं अस्तर तपासलंस," ताई म्हणाल्या, "आणि इथे वरवर बघितलंस?"

शिंप्याने तडक पिंजरा उचलून पशुपक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेला.

डॉक्टरांनी बजावलं, बिया एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करा, भाजी वाढवा, रोज वजन करा. शिंप्याने टेप खुंटीला अडकवली आणि पिंजऱ्याशेजारी बसून बटणांची काजं करू लागला. माझ्यात गाजर आलं, मटार आले. पोपटाने सगळं भिरकावलं. वजन दोनदा उतरलं. माझा जीव टांगणीला लागला.

शेवटी शिंपी स्वतःच गाजर खाऊ लागला.

"पानात भाजी टाकणारा तू," ताई हसल्या.

"गप गं. तो बघतोय."

खरंच बघत होता. बाराव्या दिवशी दांडीवरून एकेक पाऊल सरकत आला आणि शिंप्याच्या बोटांतला तुकडा त्याने चोचीत घेतला. शिंप्याने श्वाससुद्धा रोखून धरला होता. तुकडा पोटात गेला.

मित्रांनो, उद्या पुन्हा वजन आहे. माझी धाकधूक अजून गेलेली नाही. तुमच्या घरी असा मुका जीव असेल, तर त्याच्या वाटीत रोज बोट घालून बघा. लांबून आम्ही सगळ्याच भरलेल्या दिसतो.