न बांधलेला पूल कसा कोसळला

यानामायू नदीवरचा पूल डोळ्यांना दिसत नव्हता, पण होता. पेरूची राजधानी लीमा, तिथल्या सरकारी कागदात त्याला निळे कठडेसुद्धा होते. गावातली खेचरं निरक्षर, म्हणून ती बापडी पाण्यात उतरायची.

सहा वर्षांपूर्वी गावप्रमुख फोर्तुनातोने ‘पूल मिळाला’ या कागदावर अंगठा दिला होता. नगराध्यक्षाच्या माणसांनी तो मेंढी कापून घातलेल्या गावजेवणाची हजेरी म्हणून पुढे केला. बोटाला चरबी, ठसा असा उमटला की पुसता पुसेना. गेल्या पावसाळ्यात हाच फोर्तुनातो नदी ओलांडताना वाहून गेला. प्रेतही सापडलं नाही.

आता सरकारी पैसा खर्च झालेलं प्रत्येक काम स्वतः जाऊन बघायचा नवा नियम निघाला, आणि तपासनीस रोसाउराबाई फोर्तुनातोच्या बायकोच्या, सातुर्निनाच्या ओट्यावर येऊन बसल्या.

“मावशी, झालेल्या पुलाला पुन्हा पैसे मिळत नाहीत.”

“मग जा की त्यावरून पलीकडे! मी बघते इथून.”

बाई हसल्या नाहीत. “पूल झालाच नाही असं लिहिलं, तर खटला. पाच-सहा वर्षं. पहिला आरोपी अंगठेवाला.”

“मेलाय तो.”

“नाव मरत नाही ना.” बाईंनी आवाज खाली आणला. “पुरात पडला असं लिहिलं, तर आपत्तीच्या पैशातून पावसाआधी उभा राहील.”

“आणि नगराध्यक्ष?”

“सुटेल.”

अंगणात सून नीएवेस बटाटे सोलत होती. सातवा महिना. दवाखाना पलीकडच्या काठावर.

चघळायची कोकाची पानं गालात सरकवून सातुर्निनाने सुनेच्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, “लिहा. पडला.”

“पडताना कुणी पाहिला?”

“माझ्या नवऱ्यानं. तो पुलावरच होता.”

बाईंचं पेन थांबलं. “कसा होता पूल?”

“रुंद होता. दोन खेचरं शेजारी शेजारी जातील एवढा. पायाला चिखल लागत नव्हता, बाई...” आणि वर्षभर कोरडी राहिलेली सातुर्निना तिथे ढसाढसा रडली.

पूल आला, निळ्या कठड्यांचा. पाटीवर लिहिलं होतं, ‘पुनर्बांधणी’. नीएवेस कळा सोसत त्यावरून गेली आणि लेक घेऊन त्यावरूनच परतली.

सातुर्निना मात्र अजून परकर खोचून पाण्यातूनच जाते.

“अहो आत्या, वरून या की!” सून हाका मारते.

“तू जा पोरी. इथं पूल नव्हता, हे कुणाच्या तरी पायांना आठवू दे.”